बाबूमामांनी बसवलेली प्लेट

गाडी मागं चालली होती.

पुढं नाय — मागं. अंबरनाथच्या पुलाचा चढ, गाडीत शाळेची अकरा पोरं, बारावी आमची पिंकी, पुढं ट्रॅफिक अडकलं म्हणून हे थांबले होते अन् आता निघायचं तर गाडी उचलतच नव्हती. इंजिन नुसतं बोंबलत होतं. हे क्लच सोडायचे, ॲक्सिलेटर दाबायचे, आवाज एवढा की पोरांनी कान झाकले — अन् गाडी हातभर मागं. मग ब्रेक. परत तसंच, परत हातभर मागं. मागं पाण्याचा टँकर, भरलेला, त्याला पण सरकायला जागा नाय, तो हॉर्न देतोय, देतोय. हँडब्रेक आमच्या व्हॅनचा नावालाच होता. हे ओरडले, "अगं उतर! चाकाखाली काहीतरी घाल! माझा पाय निघत नाय ब्रेकवरनं!" पिंकी रडत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती. अन् एक वास येत होता. जळका, तेलकट.

तो वास मी ओळखला. तिथंच, त्या पुलावर, उतरायच्या आधीच ओळखला. कसा ओळखला — ते मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाय. ह्यांना नाय, माझ्या आईला नाय. सोमवारी शिवमंदिरात जाते, तिथं पण दुसरंच काहीतरी बोलून परत येते.

मी सातवीपर्यंत शिकलेली. लिहायची सवय नाय, बोलते तसंच लिहिते, तुम्ही समजून घ्या. मधे मधे थांबेन. श्वास लागतो मला हे आठवताना, अजून.

तर उतरले. खाली काय घालणार — पुलावर दगड कुठनं येणार? माझ्या पायाशी जीन्सचा गठ्ठा होता. मी घरी बसून जीन्सचे खिसे शिवते, आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प पाचला अर्ध्या बायका तेच करतात, अन् पोरं शाळेत सोडून येताना तो गठ्ठा कारखान्यात टाकायचा होता. तोच ओढला. मागच्या चाकाखाली कोंबला, पायानं ठोसला, गुडघा टेकून ठोसला. गाडी त्याच्यावर चढली, थांबली. टँकर अन् व्हॅनच्या मधे मी उभी होते, तेवढीच जागा होती — एक बाई उभी राहील एवढी.

पोरं उतरवली. लोक आले, ढकलून गाडी कडेला घेतली. कुणाला खरचटलं पण नाय.

अन् मग सगळे माझं कौतुक करायला लागले. त्याच दिवशी, तिथंच. आमच्या व्हॅनमधे काजल म्हणून एक पोरगी यायची, त्यांचं कॅम्प पाचलाच दुकान, तिची मम्मी रिक्षा करून धावत आली, मला मिठी मारली अन् म्हणाली, "दीदी, तुमने तो मेरी बच्ची को दूसरा जनम दिया." माझ्या अंगाला दरदरून घाम. तिला वाटलं मी घाबरलेय. घाबरलेच होते — पण टँकरला नाय.

कशाला, ते सांगायच्या आधी बाबूमामांचं सांगायला पाहिजे. कारण ह्या सगळ्यात नुकसान झालं ते त्यांचं. माझं काहीच झालं नाय.

बाबूमामा माझे सख्खे मामा नाहीत. बदलापूरच्या पलीकडं माझ्या आईचं गाव, त्या गावचे ते. आईचे गाववाले म्हणून मामा. अंबरनाथला एका कारखान्यात होते, तो बंद पडला, मग शिवमंदिराकडं जाणाऱ्या रस्त्याला एक पत्र्याची टपरी टाकून गॅरेज चालू केलं. पन्नाशी उलटलेली, बारीक अंगाचे, अन् हात — हात एवढे साफ की मेकॅनिकचे वाटायचे नाहीत. काम झालं की साबण लावून कोपरापर्यंत धुवायचे, मगच चहाला हात लावायचे. मला 'तायडे' म्हणायचे. लग्न होऊन मी उल्हासनगरला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, ओळखीचं कुणी नाय, आजूबाजूला निम्मे लोक सिंधीत बोलणारे — तेव्हा हे एकच माझ्या माहेरचं माणूस जवळ. ह्यांनी जुनी व्हॅन घेतली शाळेच्या भाड्यासाठी, तर मीच सांगितलं, गाडी माझ्या मामांकडं दाखवा. हळूहळू स्टँडवरचे बाकी व्हॅनवाले पण तिकडंच जायला लागले. ह्यांना पण मान होता मामांचा. "मामा, जरा बघा की," "मामा, तुम्ही म्हणाल तसं."

आम्ही पण त्यांना काहीतरी द्यायचो. कारखान्यात कापडाच्या चिंध्या उरतात, त्या मी पोत्यात भरून मामांना नेऊन द्यायचे, गॅरेजमधे पुसायला. ते खूश व्हायचे. "जीन्सच्या फडक्यासारखं फडकं नाय तायडे, पोटात घेतं सगळं."

त्या वर्षी मे महिन्यात व्हॅनची क्लच प्लेट गेली. मामांनी नवीन टाकली. गाडी मस्त झाली, फक्त एक — क्लच दाबला की चूं. सोडला की चूं. मामा म्हणाले, "नवीन माल हाय. आठ-दहा दिवस बोलंल, मग गप बसंल. कायपण करू नका, हात लावू नका." साधं सांगितलं होतं. सगळ्यांच्या समोर सांगितलं होतं.

पण तो आवाज — काय सांगू तुम्हाला. सुट्टीत गाडी उभीच होती; शाळा सुरू झाली, रोज सकाळी गल्लीत गाडी निघाली की चूं-चूं, चूं-चूं. स्टँडवरचे लोक ह्यांना सोडतात काय? तिथं एक नंदू म्हणून होता, त्याचीही व्हॅन. तो रोज म्हणायचा, "काय रे, सीटखाली कोंबडी बसवलीय का? अंडी कधी देणार?" सगळे हसायचे. हे घरी आले की ती सगळी वाफ माझ्यावर. "तुझ्या मामानं गाडीला गाणं शिकवलंय. माहेरचा मेकॅनिक म्हणे." रोज. जेवताना पण. तसे हे मारणारे नाहीत हां, कधीच नाय. पण बोलतात. अन् बोलताना माहेर काढतात.

मला ते लागायचं. मामा म्हणजे माझं माहेर होतं ना इथलं.

आता ऐका. मी मशीनवर बसते. मशीनवरच्या बाईला पहिल्या दिवशी काय शिकवतात? तेल. सकाळी तेल घातल्याशिवाय पायडलला पाय लावायचा नाय. मशीन चूं करायला लागली तर आधी तेल, मग बाकीचं. आमच्या कारखान्याचा मास्टर तर म्हणायचा, "मशीन रडली म्हणजे तिला भूक लागली." माझ्या डोक्यात ते एवढं बसलेलं की दाराची कडी वाजली तरी मी कुप्पी घेऊन जायचे. पिठाच्या डब्याचं झाकण, पिंकीची तीनचाकी, शेजारणीचा पंखा — सगळ्याला मी तेल घातलंय. अन् सगळं गप झालंय! मग मला काय वाटणार?

मशीनला पायडल. गाडीला पण पायडल. एवढाच विचार केला मी. यापेक्षा जास्त नाय.

एका दुपारी हे जेवून झोपले होते. गाडी दारात. मी कुप्पी घेतली — ती लांब नाकाची, पांढरं पातळ तेल असतं मशीनचं — अन् पिंकीला घेऊन गाडीत गेले. पुढची सीट उचलायची मला माहीत होतं, मामांकडं बघितलेलं. पिंकीला म्हटलं, "बाळा, ते पायडल दाब बघू." ती चार वर्षांची, हातानं दबतंय कुठं, स्टेअरिंगला लोंबकळून दोन्ही पायांनी दाबलं. चूं. "परत." चूं. तिला मजा वाटली. मी कान लावला. आवाज एका जागेवरनं येत होता, एक लोखंडी दांडी आत जाते गिअरबॉक्सच्या डब्यात, तिथं रबराची टोपी होती, एका बाजूनं फाटलेली. तिथनंच.

चार थेंब टाकले. चूं. अजून टाकले. चूं. मग मी कुप्पीचं नाक त्या फाटक्या टोपीतनं आत घातलं, अन् दाबत राहिले. दाबत राहिले. पूर्ण कुप्पी रिकामी होईपर्यंत.

पिंकीनं पायडल दाबलं. गप.

तिथं आत क्लच प्लेट असते, अन् क्लच प्लेट कोरडी असली तरच धरते, तिला तेलाचा थेंब चालत नाय — हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हे खरं आहे. पण "हात लावू नका" हे माहीत होतं. अन् अजून एक. वर्षभरापूर्वी मी एकदा गाडी धुवायला गेले होते, पाईप लावून, आत कुठं पाणी गेलं अन् गाडी दोन दिवस बंद. तेव्हा ह्यांनी मला पंधरा दिवस माहेरी ठेवलं होतं. आणताना म्हणाले होते, "परत गाडीला हात लावलास तर आणायला येणार नाय." हसत म्हणाले होते. हसत म्हणाले होते का? मला अजून कळलेलं नाय.

म्हणून मी पिंकीला म्हटलं, "पप्पांना नाय सांगायचं हां. आपली गंमत." चार वर्षांच्या पोरीला मी हे शिकवलं. ती मान हलवून हो म्हणाली, अन् कधीच बोलली नाय. तिला आठवतं की नाय — मी कधी विचारलेलं नाय.

संध्याकाळी हे पोरं सोडून आले अन् खूश. "अगं, आवाज गेला! तुझे मामा म्हणाले तस्संच झालं बघ. आठ दिवसांत बसला." अन् चहा पिताना परत म्हणाले, "माणूस खरा कारागीर आहे." मला एवढं बरं वाटलं. मी पोळ्या लाटत होते, अन् मनातल्या मनात हसत होते. मामांचं नाव मी राखलं, असं वाटलं मला.

चौथ्या दिवशी तो पूल.

आता कळलं तो वास कुठला? मशीनची मोटर तापली की तेल जळतं, तेव्हा अगदी तसाच येतो. माझ्या हातांना रोज यायचा तो वास.

दोरी बांधून गाडी मामांच्या गॅरेजला नेली. ह्यांनी मला पण बरोबर घेतलं. "चल, ऐक तुझ्या मामाचं." मामा टपरीच्या बाहेर आले, आधी माझ्याकडं, मग पिंकीकडं बघितलं, विचारलं, "पोरं?" मी म्हटलं, सगळी नीट आहेत. ते तिथंच दगडावर बसले मिनिटभर.

मग कामाला लागले. मामांची पद्धत होती, एकदम उघडायचं नाय. आधी बाहेरनं. पायडल हातानं दाबून बघितलं, किती सैल आहे. "प्ले बरोबर हाय." केबल बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत. "केबल बरोबर हाय." मग चाकांना चारी बाजूंनी विटा लावल्या, गाडी तिसऱ्या गिअरला टाकली अन् क्लच सोडला. मला म्हणाले, "तायडे, आता इंजिन बंद पडायला पाहिजे. पडलं तर क्लच चांगला." इंजिन बंद पडलं नाय. चालतच राहिलं, आरामात, जसं काय गाडीशी त्याचा संबंधच नाय. मामांनी चावी बंद केली. "प्लेट धरत नाय. खाली घ्यायला लागंल."

नंदू अन् स्टँडवरचे अजून दोघं तोवर आलेच होते. उभे राहून बघत होते. हे पण उभे, हाताची घडी. मामा गाडीखाली. दुपार झाली. मी सगळ्यांना चहा आणला समोरच्या टपरीवरनं.

गिअरबॉक्स खाली आला, प्लेट बाहेर आली. मामांनी ती उन्हात धरली. ओली. नुसती ओली नाय, कडेनं तेलाचा थेंब जमत होता अन् पडत होता. मामांनी बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाला लावलं. परत लावलं. मग वाकून इंजिनच्या मागचं सील बघितलं, तिथनं गळतं कधी कधी तेल. सील कोरडं. "इंजिनचं तेल काळं असतंय," मामा स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते, "गिअरचं जाड असतंय. हे तर पातळ. हे आलं कुठनं?"

हे म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं, मिस्त्री."

मिस्त्री. मामा नाय म्हणाले. पहिल्यांदा.

मामांनी मान वर केली. "दाजी, घरी कुणी काय ओतलं का आतमधी?"

"कोण ओतणार? तुमच्याशिवाय हात लावलाय कुणी ह्या गाडीला?"

मग मामा माझ्याकडं वळले. हळू विचारलं, रागानं नाय, संशयानं पण नाय. एक जागा तपासून झाली, आता दुसरी, तसं. "तायडे? घरात कुणी —"

माझ्या हातात चहाची किटली होती. सगळे माझ्याकडं बघत होते. एक शब्द. 'मी.' एवढाच शब्द होता.

मी म्हटलं, "आम्हा बायकांना काय कळतंय मामा त्यातलं."

एवढं बोलून मी हात पदराखाली घेतला. हाताला वास होता ना.

झालं. हे एवढंच. तेल ओतलं ते अडाणीपणानं, ते मी एक वेळ विसरेनही. पण हे वाक्य मी शुद्धीत बोलले. बोलताना मला सगळं माहीत होतं.

मामांनी परत नाकाला बोट लावलं. अन् ह्या वेळी त्यांना ओळख पटली. मला दिसलं ते तोंडावर. वळून त्यांनी कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या पोत्याकडं बघितलं — मीच आणून दिलेल्या. एक चिंधी काढली, हुंगली. "मशीनचं तेल हाय हे," म्हणाले. "कारखान्याचं. चिंधीला असणार. मीच प्लेट पुसली असंल ह्यानं बसवताना. माझंच चुकलं, दाजी."

चिंध्या कोण आणून देतं, हे ते बोलले नाहीत. त्यांच्या मनात तेवढंच पाप असेल माझ्या नावावर, चिंध्यांचं, तर ते पण त्यांनी झाकलं. अन् मी झाकू दिलं.

नंदू हसला. "अकरा पोरं चिंधीवर टांगली होती म्हणजे." मामांनी त्याच संध्याकाळपर्यंत नवीन प्लेट आणून बसवली, पैसे घेतले नाहीत. बसवताना प्लेट अंगातल्या बनियनला पुसली, चिंधीला नाय. बसवून झाल्यावर परत उघडली, परत बघितली. मग परत बसवली. हात साबणानं धुतले, बघितले, अन् परत धुतले.

त्यानंतर आमची गाडी तिथं गेली नाय. नंदूची गेली नाय. स्टँडवरची एकही गेली नाय. नाव पडलं — चिंधी मिस्त्री. पोरांचे आईबाप ह्यांना विचारायचे, "गाडी आता कुठं दाखवता? त्या चिंधीवाल्याकडं तर नाय ना?" हे सांगायचे, "नाय नाय, ते सोडलं." मी बाजूलाच असायचे.

अन् माझा सत्कार झाला. हसू नका. गल्लीतल्या गणपतीत, स्टेजवर बोलावून, शाल अन् नारळ. काजलच्या मम्मीनं साडी दिली. माईकवर एक जण म्हणाला, ह्या माऊलीनं स्वतःच्या पोटाचं काम चाकाखाली घातलं अन् बारा लेकरं वाचवली. टाळ्या. मी खाली बघितलं तर मागच्या रांगेत मामा. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते अंबरनाथवरनं. हात वर करून टाळ्या वाजवत होते, अन् बाजूच्या माणसाला सांगत होते — मला ऐकू नाय आलं, पण ओठ कळले — "माझी भाची हाय."

मी नारळ घेतला. शाल घेतली. नमस्कार केला.

दिवाळीच्या आधी गॅरेज बंद झालं. आईकडनं कळलं, मामा बदलापूरला एका नव्या बिल्डिंगला वॉचमन लागले.

खूप दिवस मी मनातल्या मनात लोकांना विचारायचे. रस्त्यानं चालताना, मशीनवर बसलेली असताना, कुणी बाई दिसली की मनात विचारायचे — तुम्ही काय केलं असतं? चोवीस वर्षांची असता, पदरात पोर, नवऱ्यानं आधीच सांगून ठेवलेलं, अन् सगळ्या आईबापांना कळलं असतं की ड्रायव्हरच्या बायकोनंच तेल ओतलं तर एक पोरगं बसलं असतं का आमच्या गाडीत? तुम्ही बोलला असता का? सांगा ना — असं भांडायचे मी मनात. मग एकदा खिसा शिवता शिवता लक्षात आलं की मी सगळ्यांना विचारते, फक्त ज्यांना सांगायला पाहिजे त्यांना सांगत नाय. तेव्हापासून नाय विचारत. तुम्हाला पण नाय विचारत.

गेल्या वर्षी गेले मी त्यांच्याकडं. सांगायचं ठरवूनच गेले. पिंकी बरोबर होती, आता तिसरीत आहे. बिल्डिंगच्या गेटवर मामा प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, वॉचमनचा शर्ट खांद्यावरनं उतरत होता, दुसऱ्या कुणाच्या मापाचा. मला बघून उठले. "तायडे! ये ये. ही एवढी मोठी झाली व्हय?" खुर्ची मला दिली, स्वतः उभे. पिंकीला बिस्किटाचा पुडा. आईचं विचारलं, ह्यांचं विचारलं, "गाडी कशी हाय?" विचारलं. मी म्हटलं, विकली, दुसरी घेतली.

मग म्हणाले, "एक गोष्ट डोक्यातनं जात नाय बघ. ती प्लेट. चिंधीला एवढं तेल कसं असंल गं? निथळत होती ती. पोतंभर चिंध्या पिळल्या तरी तेवढं निघायचं नाय. मग कुठनं आलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. "मामा —" म्हटलं.

तेवढ्यात आतनं एक गाडी आली गेटवर. बिल्डिंगमधलाच माणूस, काच खाली करून म्हणाला, "काका, तुम्ही आधी मेकॅनिक होता ना? क्लच दाबला की बघा ना, कर्रर्र करतो. दाबताना पण जड लागतो. जरा बघता?" अन् दोन-तीनदा दाबून दाखवला.

मामा गाडीच्या जवळ गेले नाहीत. जागेवरच उभे राहिले, अन् त्यांचे दोन्ही हात मागं गेले, पाठीमागं, एकात एक. "नाय साहेब," म्हणाले. "मला नाय कळत आता ते. चांगला मेकॅनिक गाठा." गेट उघडून दिलं. गाडी गेली.

ती वळल्यावर मामा माझ्या बाजूला वाकले, अन् हळूच, चोरी सांगितल्यासारखं म्हणाले, "केबल हाय. नुसती केबल. आतल्या तारा तुटायला लागल्यात. दहा मिनिटांचं काम."

"मग सांगायचं ना त्यांना, मामा."

मामा रस्त्याकडं बघत होते. हात अजून मागंच होते.

"अन् नसली केबल तर?" ते म्हणाले. "पोरं असतात गं गाडीत लोकांच्या."

मी खुर्चीतनं उठले. उशीर होतो, म्हटलं. पिंकीला त्यांच्या पाया पडायला सांगितलं. मी नाय पडले. "येते मामा," म्हटलं, अन् निघाले.